एकच गोळी, पण कोणती?

दौंडहून सकाळच्या गाडीने पुण्याला हृदयाच्या तपासणीला निघालेल्या माणसाच्या पिशवीत बहुधा दोन गोळ्या सापडतात: अ‍ॅस्पिरिन आणि क्लोपिडोग्रेल. स्टेंट बसवल्यावर साधारण सहा ते बारा महिने दोन्ही, आणि मग एकच, बहुधा आयुष्यभर. पण कोणती?

दोघींचं काम एकच. रक्तातल्या प्लेटलेट एकमेकींना चिकटून गुठळी होऊ द्यायची नाही. अ‍ॅस्पिरिन हे थेट करते. क्लोपिडोग्रेल मात्र आधी यकृतात जाऊन जागी व्हावी लागते. काहींच्या यकृतात ती जन्मजात कारणानं नीट जागी होत नाही, आणि पित्तासाठी घेतलेली ओमेप्राझोलही तिच्या आड येते. म्हणून ‘अ‍ॅसिडिटीची गोळी सांगण्यासारखी नाही’ असं समजू नका, डॉक्टरांना सांगाच.

वर्षानुवर्षं मान स्वस्त अ‍ॅस्पिरिनचाच. १९९६ च्या ‘कॅप्री’ अभ्यासात १९ हजारांवर रुग्णांत क्लोपिडोग्रेल जरा सरस ठरली, जराच. मग २०२१ मध्ये कोरियातल्या अभ्यासात, स्टेंट बसवलेल्या पाच हजारांवर रुग्णांत दोन वर्षांत मृत्यू, झटका, पक्षाघात, मोठा रक्तस्राव अशा घटना अ‍ॅस्पिरिनवाल्यांत ७.७ टक्के, तर क्लोपिडोग्रेलवाल्यांत ५.७ टक्के. निव्वळ मृत्यू मात्र कमी झाले नाहीत, आणि ते रुग्ण कोरियाचे होते, आपले नव्हेत.

तेव्हा गोळी परस्पर बदलू नका. दाढ काढायची म्हणून बंदही करू नका. आणि शौचाला डांबरासारखं काळं झालं, तर तो रक्तस्राव असू शकतो; त्याच दिवशी दवाखाना गाठा.