मुद्रणयंत्र आणि आज्ञा

१९८० च्या सुमारास अमेरिकेतील एम.आय.टी.च्या प्रयोगशाळेत मुद्रणयंत्रात कागद वारंवार अडकत असे. यंत्र अडताच सर्वांस वर्दी मिळावी, अशी सोय रिचर्ड स्टॉलमन यांस करावयाची होती. परंतु आज्ञावलीचा मूळ मसुदा त्यांस नाकारण्यात आला. १९८३ साली त्यांनी मुक्त आज्ञावलींचा ‘ग्नू’ प्रकल्प घोषित केला, त्यामागे हाही सल होता.

आज घरच्या डेबियन संगणकावर ‘एलपीस्टॅट’ असे टंकिले की मुद्रणाच्या रांगेतील कामे दिसतात. ‘कॅन्सल’ या शब्दापुढे कामाचा क्रमांक लिहिला की अडलेले काम दूर होते. ‘ॲप्ट इन्स्टॉल’ ही आज्ञा नवी आज्ञावली तिच्या पूरक भागांसह आणते. मूळ मसुद्यांच्या भांडाराची नोंद केलेली असल्यास ‘ॲप्ट सोर्स कप्स’ म्हणताच मुद्रणव्यवस्थेचा मसुदाही हाती येतो. जे एका तज्ज्ञास नाकारले गेले, ते आता साध्या गृहस्थासही एका ओळीत मागता येते.