अंग बाहेर येणे : प्रकार आणि उपचार

आज ज्या दुखण्याविषयी मी बोलणार आहे त्याचे नाव चारचौघांत घेण्याची आपल्याकडे रीत नाही. बाया त्याला ‘अंग बाहेर येणे’ म्हणतात. तेही विहिरीवर, हळू आवाजात. घरधन्याला सांगायचे नाही, सासूला सांगायचे नाही, आणि डॉक्टर पुरुष असला तर मुळीच नाही. सेमाडोहसारख्या गावी, सिपना नदीच्या काठी, परतवाडा-धारणी रस्त्यावर राहणारी बाई पहाटे मोहफुले वेचते, दुपारी डोक्यावर मोळी आणते, संध्याकाळी पाण्याच्या दोन गुंड्या वाहते. आणि हे सारे ती कधी कधी मांड्यांत फडके धरून करते. म्हणून आज जरा स्पष्टच बोलू. बरोबरची पुरुष मंडळी उठून जाऊ नका. हे तुमच्यासाठीही आहे.

आपल्याकडे लेकराला झोळीत निजवतात. झोळीचे कापड मजबूत आणि दोर ताणलेले असले की लेकरू सुखरूप. ओटीपोटाच्या तळाशी अशीच एक झोळी असते, स्नायूंची. तिच्यावर लघवीची पिशवी, मधे गर्भाशय आणि मागे गुदाशय, अशी तीन इंद्रिये विसावलेली असतात. वरून त्यांना धरणारे चिवट बंध, म्हणजे झोळीचे दोर. कापड विरले किंवा दोर सैल झाले की आतले खाली येते. समोरची बाजू सैल झाली तर लघवीची पिशवी योनीत फुगते; लघवी पुरती होत नाही, खोकताना दोन थेंब सुटतात. मागची बाजू सैल झाली तर शौचाला बोटाने दाबावे लागते. मधले गर्भाशय उतरले तर त्याचे तोंड आधी आतच खाली येते, मग दारापर्यंत, आणि शेवटी सगळेच बाहेर. पुष्कळदा हे तिन्ही एकत्र असते.

कापड विरते कशाने? लागोपाठ बाळंतपणे हे पहिले कारण. पिशवीचे तोंड पुरते उघडण्याआधीच ‘जोर कर, जोर कर’ म्हणणे आणि वरून पोट दाबणे हे दुसरे. ही सवय सुइणींनीच नव्हे, काही दवाखान्यांनीही सोडायला हवी. बाळंत होऊन आठ दिवसांत मोळी उचलणे, चुलीच्या धुराचा किंवा क्षयाचा जुनाट खोकला, बद्धकोष्ठ, अंगात रक्त-मांस नसणे, आणि पाळी गेल्यावर शरीराचा सैलावा ही बाकीची. यात बाईचा काय गुन्हा? तरी लाज तिलाच वाटते.

ही लाज किती खोल आहे याचा एक दाखला सांगते. डॉ. राणी बंग आणि डॉ. अभय बंग यांनी गडचिरोली जिल्ह्यातील दोन खेड्यांत 650 स्त्रियांची तपासणी केली. 1989 साली ते संशोधन प्रसिद्ध झाले. शंभरांत 92 जणींना कोणता ना कोणता स्त्रीरोग होता, आणि पूर्वी कधी तशी तपासणी झालेल्या फक्त 8. अंग बाहेर येणे हे त्या अनेक दुखण्यांतले एक.

आता उपचार. अंग थोडेच उतरले असेल तर व्यायामाने पुष्कळ फरक पडतो. लघवी अडवावी तसे खालचे स्नायू आत आवळायचे, पाच आकडे मोजायचे, तितकाच वेळ सैल सोडायचे. असे दहा वेळा, दिवसातून तीनदा, निदान तीन-चार महिने. बसून, निजून, भाकरी थापताना, कधीही. खरोखर लघवी करताना मात्र करू नये. याला पैसा लागत नाही, पण चिकाटी लागते, आणि आठ दिवसांत सोडले तर काही उपयोग नाही.

त्यापुढची पायरी म्हणजे रिंग. रबराची किंवा सिलिकॉनची कडी डॉक्टर मापाने आत बसवून देतात. ती गर्भाशयाला टेकू देते. ठरल्या वेळी काढून, धुऊन, तपासून पुन्हा बसवायची. बसवून वर्षानुवर्षे विसरली तर आत जखम होते, एवढे ध्यानात असू द्या. जिला शस्त्रक्रिया झेपणार नाही, किंवा हंगाम आटोपेपर्यंत थांबायचे आहे, तिच्यासाठी हा चांगला उपाय.

सगळेच बाहेर आले तर शस्त्रक्रिया. पण ‘पिशवी काढून टाका’ हे एकच उत्तर नाही, हे ठासून सांगते. वय झालेल्या बाईची पिशवी खालच्या वाटेनेच काढून झोळीची डागडुजी करता येते. तरुण बाईची पिशवी ठेवून ती वर बांधता येते, आणि या कामात आपल्या मुंबईच्या डॉक्टरांचे नाव जगभर झाले. गोव्यातील शिरोड्याचे डॉ. वि. ना. शिरोडकर यांनी गर्भाशय पट्टीने मागे कण्याच्या हाडाशी बांधण्याची रीत काढली. डॉ. पुरंदरे यांच्या रीतीत पोटाच्या भिंतीतल्याच चिवट पडद्याच्या पट्ट्या वापरतात. या शस्त्रक्रिया आजही त्यांच्याच नावाने शिकवतात. उलट, गरज नसताना पिशव्या काढल्याचा प्रश्न बीडच्या ऊसतोड बायांबाबत इतका गाजला की 2019 साली शासनाला चौकशी समिती नेमावी लागली. म्हणून कोणी घाईने पिशवी काढा म्हणाले, तर दुसऱ्या डॉक्टरांना जरूर विचारा.

सेमाडोहला प्राथमिक आरोग्य केंद्र आहे. तिथे किंवा गावच्या आशाताईंना आधी सांगा. पुढे घाट उतरून परतवाडा-अचलपूर, आणि त्यापुढे अमरावतीचे स्त्री रुग्णालय, ज्याला लोक अजून डफरीनच म्हणतात. तुरटी, झाडपाला, चिंध्या आत भरू नका. त्याने जखम चिघळते. बाहेर आलेला भाग सुजला, काळा पडला, आत जाईना, लघवी अडली, किंवा पाळी गेल्यावर रक्त दिसले, तर त्याच दिवशी निघा.

दोन आणखी प्रकार सांगते, कारण त्यांत वेळ फार थोडा असतो किंवा घाबरून भलतेच केले जाते. बाळंतिणीचे पाणी फुटल्यावर बाळाच्या आधी नाळच बाहेर दिसली, तर बाळाचा प्राण धोक्यात असतो. नाळ ओढू नका, कापू नका. बाईला गुडघे आणि कोपर टेकवून, डोके खाली व कंबर वर ठेवायला सांगा, आणि 108 ला फोन करा. फोन लागत नसेल तर मिळेल ती गाडी धरा. गाडीत कुशीवर निजवून कमरेखाली घडी केलेले गोधडे ठेवा.

दुसरा प्रकार लेकरांचा, आणि हा आश्रमशाळेतील गुरुजींनी नीट ऐकावा. अशक्त, हगवणीने किंवा जंतांनी बेजार झालेल्या पोराची शौचाची जागा कुंथताना लाल गोळ्यासारखी बाहेर येते. पोर रडते, इतर पोरे हसतात. त्याला कुशीवर निजवा, ओल्या स्वच्छ फडक्याने हलके दाबून आत सारा, बहुधा जाते. न गेल्यास दवाखाना. आत गेले म्हणजे काम झाले असेही नाही. हगवणीला साखर-मिठाचे पाणी, जंताला औषध आणि अंगाला पोटभर अन्न मिळेपर्यंत ते पुन्हा पुन्हा येणार. त्या पोराला फार वेळ कुंथत बसू देऊ नका, आणि हसणाऱ्यांना वर्गाबाहेर काढा.