चहाचं काय?

पहाटे पाचला मी सायकल बाहेर काढली, तेव्हा सासूबाईंनी विचारलं, “चहाचं काय?” नवरा रोज पळायला जातो, त्याला हा प्रश्न कुणी विचारला नव्हता.

ट्रायथलॉन ऑलिंपिकमध्ये आली २००० साली, सिडनीला. त्यात बाईलाही पुरुषाइतकंच अंतर : १५०० मीटर पोहणं, ४० किलोमीटर सायकल, १० किलोमीटर धावणं. सायकलच्या रोड रेसला मात्र २०२४ च्या पॅरिसमध्येही पुरुषांना २७३ आणि बायकांना १५८ किलोमीटर.

अंतर सारखं मिळालं, तरी सरावाला वेळ कुठून आणायचा? कात्रजचा घाट चढताना लागला नाही एवढा दम मला उंबरठा ओलांडताना लागला. शर्यतीत मी शेवटून तिसरी आले. सरावाच्या महिन्यांत चहा नवऱ्याकडे गेला, तो आजही त्याच्याकडेच आहे.

आपल्या गटांत मजुरी, मालमत्तेबरोबर बाईच्या वेळेचा हिशोबही मांडूया.