वर्गखोलीत कोण कोठे बसते?
(शिक्षक व कार्यकर्ते यांच्या मेळाव्यातील भाषणाचा मजकूर)



शिक्षणाची चर्चा निघाली की अभ्यासक्रम, परीक्षा, वेतन आणि अनुदान यांवर पुष्कळ बोलले जाते. वर्गखोलीची मांडणी हा मात्र गवंड्याचा आणि सुताराचा विषय समजून सोडून दिला जातो. ही चूक होय. आपल्याला कोठे बसविले आहे यावरून मूल समाजातील आपले स्थान ओळखू लागते. आणि हा धडा क्रमिक पुस्तकात छापलेला नसल्यामुळे त्याला कोणी हरकतही घेत नाही.

महाराष्ट्राला हे नव्याने सांगावयास नको. साताऱ्याच्या शाळेत लहानग्या भीमराव आंबेडकरांना घरून नेलेल्या गोणपाटावर इतरांपासून वेगळे बसावे लागे. पुस्तक तेच, शिक्षक तेच; जागा तेवढी निराळी. राजर्षी शाहू महाराजांनी १९१९ मध्ये करवीर संस्थानातील अस्पृश्यांच्या वेगळ्या शाळा बंद करून त्यांच्या मुलांना सर्वांच्या शाळेत घेण्याचा हुकूम काढला, तेव्हा बसण्याच्या जागेचा प्रश्न हा समतेचा प्रश्न आहे हे राज्यकर्त्याने मान्य केले होते.

कायद्याने ते गोणपाट गेले. शेवटचा बाक मात्र राहिला. एका टोकाला टेबल-खुर्ची, मागे उंच फळा आणि समोर रांगेने बाक, ही मांडणी एकाने बोलावे व इतरांनी ऐकावे यासाठी आहे. पुढच्या ओळीत घरी पुस्तके असणारी मुले बसतात. पाणी भरून, धाकट्या भावंडाला सांभाळून उशिरा येणारी मुलगी मागे बसते. घरी वारली किंवा कोरकू बोलणारा मुलगाही मागेच बसतो. वर्षअखेर त्यांच्या नावापुढे ‘अप्रगत’ असा शेरा पडतो, आणि दोष मुलाच्या बुद्धीवर जातो.

ही मांडणी बदलण्याची सुरुवात श्रमिकांच्या वस्तीतच झाली. १९०७ मध्ये रोमच्या सान लोरेन्झो या कामगार वस्तीत मारिया माँटेसोरी यांनी बालगृह सुरू केले. खिळवून टाकलेल्या बाकांऐवजी मुलाला स्वतः उचलता येतील अशी हलकी मेज-खुर्ची आणि त्याचा हात पोहोचेल अशी बुटकी कपाटे त्यांनी वापरात आणली. पुढे ही पद्धत महागड्या साहित्यामुळे श्रीमंतांच्या बालमंदिरांत अडकण्याचा धोका निर्माण झाला. ताराबाई मोडक यांनी तो ओळखला. १९४५ मध्ये त्या बोर्डीला गेल्या आणि बिया, शिंपले, पाने हेच शिक्षणाचे साहित्य केले. गरिबांची मुले बालवाडीत येईनात, तेव्हा बालवाडीच त्यांच्या अंगणात नेली. त्यातून ‘अंगणवाडी’ उभी राहिली. १९५७ पासून कोसबाडला ताराबाई आणि अनुताई वाघ यांनी गुरे राखणाऱ्या मुलांसाठी कुरणशाळेचाही प्रयोग केला. १९७५ मध्ये केंद्राच्या बालविकास योजनेने अंगणवाडी हे नाव देशभर नेले.

एवढे लहान प्रयोग सरकारी यंत्रणेला पेलतील काय, अशी शंका घेतली जाते. तमिळनाडूचा अनुभव येथे पाहण्यासारखा आहे. २००३ मध्ये चेन्नई महापालिकेच्या १३ शाळांत कृतीवर आधारित शिक्षण सुरू झाले आणि काही वर्षांतच ते राज्यभरच्या सरकारी प्राथमिक शाळांत नेण्यात आले. भिंतीलगत मुलांच्या उंचीवर फळे केले आणि प्रत्येकाला त्यातील एक भाग दिला. पाठ्यक्रम लहान पायऱ्यांत विभागून त्याची कार्डे तबकांत ठेवली. मूल आपल्या पायरीचे कार्ड स्वतः काढून घेते, चटईवर गटात बसते. शिक्षकही तेथेच बसतो. निरनिराळ्या इयत्तांची मुले एका खोलीत असणे हा आपल्या खेड्यांतील नेहमीचा अडसर. या पद्धतीने तो गृहीतच धरला.

महाराष्ट्रातही २०१५ नंतर अनेक जिल्हा परिषद शाळांच्या फरशा अंकांनी व अक्षरांनी रंगल्या, लोकवर्गणीतून दूरचित्रवाणी संच आले. शिक्षकांचा हा उत्साह मोलाचा आहे. परंतु रंगाचे उद्घाटन करता येते, छायाचित्र छापता येते. फाटलेली कार्डे दरवर्षी नवी करण्याच्या खर्चाचे उद्घाटन होत नाही. म्हणून भांडवली खर्चाला पैसा मिळतो आणि चालू खर्च उपाशी राहतो. शिवाय वर्गणीवर वर्गखोली सुधारावयाची, तर बागायती गावाची सुधारेल आणि पाड्यावरची तशीच राहील.

एक आक्षेप मात्र गंभीरपणे ऐकला पाहिजे. बाक काढून सतरंजी घालताच गरीब पालक अस्वस्थ होतो. ज्याच्या बापाला शाळेत दाराबाहेर बसावे लागले, त्याला मुलाचा बाक हा मानाचा वाटतो. त्याला मागासलेला म्हणणे उद्धटपणाचे होईल. जमीन की बाक हा खरा वाद नाही. शिक्षकासह सर्वांची बैठक सारखी असावी, ती हलविता यावी, आणि कोणाचीही जागा कायमची मागची नसावी, एवढाच आग्रह आहे. आणि एका शिक्षकापुढे साठ मुले असतील तर कोणतीही मांडणी व्यर्थ आहे. २००९ च्या शिक्षणहक्क कायद्याने प्राथमिक वर्गांसाठी तीस मुलांमागे एक शिक्षक हे प्रमाण घातले आहे. रिक्त पदे भरण्याची लढाई आणि वर्ग बदलण्याची लढाई या दोन नव्हेत.

त्याच कायद्याने सरकारी व अनुदानित शाळांसाठी शाळा व्यवस्थापन समिती सांगितली. तीत तीन-चतुर्थांश पालक आणि निम्म्या स्त्रिया हव्यात. कार्यकर्त्यांनी या समितीत जाऊन साधे प्रश्न विचारावेत. फळ्यापर्यंत मुलाचा हात पोहोचतो काय? पुस्तकांच्या कपाटाला कुलूप का आहे? शेवटच्या ओळीत कोणाची मुले बसतात, आणि वर्षभर तीच का बसतात? या शेवटच्या प्रश्नाचे उत्तर प्रत्येक शाळेत जाऊन, नावानिशी लिहून आणावे. कामाला तेथून सुरुवात होईल.