फ्लेक्सवर न आलेली मुलं



आपल्या तालुक्यातल्या मुलाची स्पर्धा परीक्षेतून निवड झाली की आपण गुलाल उधळतो, फेटा बांधतो, स्टँडवर फ्लेक्स लावतो. ते करावंच. त्याच्याच शेजारच्या खुर्चीवर बसून तेवढाच अभ्यास केलेला दुसरा एक मुलगा असतो. मी आज त्याच्याविषयी बोलणार आहे.

पुण्यात सदाशिव पेठ, नवी पेठ, शास्त्री रस्ता या भागात गल्लोगल्ली अभ्यासिका आहेत. जुन्या इमारतीचा एखादा मजला, दोन्ही बाजूंना प्लायवूडच्या आडोशात अडकलेली खुर्ची, समोर चिकटवलेलं वेळापत्रक, पाण्याची बाटली. महिन्याचे पैसे भरले की ती जागा त्याची. कुणी खोकलं तरी माना वळतात, इतकी शांतता. रात्री मेसवरून परतताना घरी फोन होतो. आई विचारते, "जेवलास का?" वडील विचारतात, "जाहिरात निघाली का?" पुढे फोन आखूड होत जातात. मग दिवाळीला येणं टळतं, चुलतभावाच्या लग्नाला येणं टळतं. घरचे म्हणतात, पोरगा अभ्यासात बुडालाय. मला तिथे काळजी वाटते. पुष्कळदा "यंदा तरी काय?" या प्रश्नापुढे उभं राहण्याचं बळ त्याच्यात उरलेलं नसतं.

राज्यसेवेच्या जागा शेकड्यांत आणि अर्ज लाखांत. म्हणजे बहुतेकांची निवड होणार नाही, हे पहिल्या दिवशीच ठरलेलं असतं. त्यांच्या हुशारीवरचा तो शेरा नाही. राज्य लोकसेवा आयोगाची वयोमर्यादा खुल्या गटाला 38, मागासवर्गीयांना 43. दार इतकी वर्षं उघडं राहतं की थांबायचं कधी हे मुलालाच ठरवावं लागतं, आणि थांबलं की गाव म्हणतं, हरून आला. मुलींना तर तेवढीही मुदत नसते. दोन प्रयत्न झाले की स्थळं येऊ लागतात.

राष्ट्रीय गुन्हे नोंद विभागाच्या अहवालानुसार 2022 मध्ये देशात 13,044 विद्यार्थ्यांनी आत्महत्या केल्या. त्यातले 1,764 महाराष्ट्रातले; कुठल्याही राज्यापेक्षा जास्त. प्रत्येकाची कारणं वेगळी, एका परीक्षेवर सगळं टाकता येणार नाही. पण हा आकडा आपल्या राज्याचा आहे. जुलै 2025 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने शंभर किंवा अधिक विद्यार्थी असलेल्या शिक्षणसंस्था आणि कोचिंग क्लासना समुपदेशक नेमायला सांगितलं. चांगलं झालं. मात्र क्लास संपवून भाड्याच्या खुर्चीवर एकट्याने अभ्यास करणाऱ्याकडे कोण बघणार?

त्याच्याभोवतीच्या माणसांनीच बघायला हवं. प्रश्न वेगळा होता, पण यासाठी आइसलँड या छोट्या देशाचं उदाहरण मला मोलाचं वाटतं. तिथे 1998 मध्ये पंधरा-सोळा वर्षांच्या मुलांपैकी 42 टक्के मुलं महिन्याभरात कधी ना कधी दारूने झिंगलेली असत. 2016 मध्ये हे प्रमाण 5 टक्क्यांवर आलं. नुसत्या उपदेशावर ते थांबले नाहीत. मुलांना नियमित प्रश्नावल्या दिल्या, ज्या त्या गावाचे निष्कर्ष त्या गावापुढे ठेवले, पालकांना एकत्र आणलं, खेळ आणि संगीतासाठी पैसा घातला. पोर सुधारण्याआधी पोराभोवतीचं गाव बदललं.

आपल्याला काय करता येईल? मुलाला पुण्याला धाडण्याआधीच घरात बसून ठरवा: किती वर्षं, किती पैसे, आणि नाही जमलं तर पुढे काय. हे त्याच्यासमोर बोला, म्हणजे थांबणं हा त्याला गुन्हा वाटणार नाही. राज्यघटना, अर्थशास्त्र, पंचायत राज कोळून प्यालेला मुलगा परत आला तर ग्रामपंचायतीने, पतसंस्थेने, शाळेने त्याला पगारी काम द्यावं. कुणी फारच मिटून गेला असेल तर त्याच्याजवळ बसा, एकटं सोडू नका. टेलिमानस या मानसिक आरोग्याच्या सरकारी हेल्पलाइनचा 14416 हा क्रमांक मोफत आहे, चोवीस तास चालतो, मराठीत बोलता येतं.

आणि संयोजकांना एक विनंती. पुढच्या वर्षी या व्याख्यानमालेतला एक दिवस परीक्षा सोडून दुसऱ्या कामाला लागलेल्यांना द्या. दूध डेअरी चालवणारे, वकिली करणारे, शाळेत शिकवणारे असे आपल्या तालुक्यात नक्की सापडतील. घरी पहिल्यांदा कसं सांगितलं, नंतरचे सहा महिने कसे काढले, हे त्यांनी मोकळेपणी बोलावं. मुलं येतील ऐकायला. पुढच्या रांगा मात्र आईवडिलांसाठी राखून ठेवा.