निरोप पाठवणं सोपं, उत्तर ऐकणं अवघड

आजचा भाग थोडा खोलात जाणारा आहे. पण लिनक्सच्या टर्मिनलवर तुम्ही कधी ना कधी आयपी ही कमांड मारली असेल, तर तुम्हाला सगळं समजेल. आणि आधीच सांगून टाकतो, या भागात कर्नल म्हटलं की लष्करातले कर्नलसाहेब नव्हेत, लिनक्सचा कर्नल. स्वभावात मात्र साम्य आहे. दोघांनाही अर्ज ठरलेल्या नमुन्यातच लागतो.

तर विषय असा. आपण नेटवर्क कार्ड चालू करतो, त्याला पत्ता देतो, राउट घालतो. आपल्याला वाटतं हे काम कमांड करते. प्रत्यक्षात काम करतो कर्नल. कमांड फक्त त्याच्याकडे एक मेसेज पाठवते. जुनी इफकॉन्फिग हे बोलणं आयऑक्टल नावाच्या सिस्टिम कॉलमधून करायची. आयपी ही कमांड त्यासाठी एक खास सॉकेट उघडते, त्याचं नाव नेटलिंक. २००३ साली आलेल्या आरएफसी ३५४९ मध्ये या नेटलिंकचं वर्णन आहे. आज राउटिंग, फायरवॉल, वायफाय, सगळीकडे कर्नलशी बोलायची हीच वाट आहे. ईथटूलसारखं जुनं टूलसुद्धा २०२० मध्ये, कर्नल ५.६ पासून, या वाटेवर आलं.

मग मला वेगळं टूल कशाला लिहावंसं वाटलं? माझं काम छोट्या डब्यांवर चालतं. लांब कुठेतरी भिंतीवर बसवलेले, स्क्रीन नाही, कीबोर्ड नाही, फक्त एसएसएच. अशा डब्यात बऱ्याचदा कर्नल नवा असतो आणि बाकीची टूलं जुनी. कर्नलला एखादी गोष्ट येत असते, पण आयपी कमांडला तो शब्दच माहीत नसतो. दुसरी तऱ्हा याच्याही पुढची. कमांड चालते, आणि उत्तर येतं, ‘इनव्हॅलिड अर्ग्युमेंट’. आता चूक कुणाची? तुम्ही टाइप केलं ते चुकलं, टूलने मेसेज चुकीचा बांधला, की कर्नलला ते मान्यच नाही? बाहेरून काही कळत नाही.

म्हणून मी एक टूल लिहिलं. सी भाषेत, एकच बायनरी, कुठल्याही लायब्ररीचं ओझं नाही. नाव ठेवलं ‘निरोप’. मित्र म्हणाला, नाव बरोबर आहे, लांबच्या मशिनला चुकीचा निरोप गेला की तिचा निरोपच घ्यावा लागतो. हसलो खरं, पण या टूलची निम्मी रचना त्या वाक्यावर उभी आहे.

आधी निरोप दिसतो कसा ते बघू. लूपबॅक इंटरफेस, म्हणजे मशिनचा स्वतःशी बोलायचा इंटरफेस, चालू करायचा आहे. त्यासाठी लागतात फक्त ३२ बाइट. ऐकणाऱ्यांसाठी वाचून दाखवत नाही, लेखी प्रतीत हेक्समध्ये दिलेत.

२० ०० ०० ००   १० ००   ०५ ००
०१ ०० ०० ००   ०० ०० ०० ००
०० ०० ०० ००   ०१ ०० ०० ००
०१ ०० ०० ००   ०१ ०० ०० ००

पहिले १६ बाइट म्हणजे हेडर. पाकिटावरचा पत्ता म्हणा हवं तर. पहिल्या चार बाइटमध्ये एकूण लांबी, हेक्समधले २० म्हणजे आपले ३२. आपल्या नेहमीच्या इंटेल किंवा आर्म मशिनवर लहान बाइट आधी येतो, म्हणून २० पुढे आणि शून्यं मागे. मग दोन बाइट प्रकाराचे. हेक्समधले १० म्हणजे १६, याचं नाव ‘न्यूलिंक’. नावात ‘न्यू’ असलं तरी आधीच्या इंटरफेसमध्ये बदल करायलाही हाच चालतो. मग दोन बाइट फ्लॅगचे. १ म्हणजे ही विनंती आहे, ४ म्हणजे मला पोच हवी, मिळून ५. पुढे अनुक्रमांक, आणि शेवटी पोर्ट.

उरलेले १६ बाइट म्हणजे मजकूर. त्यात इंटरफेसचा क्रमांक १, कारण लूपबॅक नेहमी पहिला. मग फ्लॅग १, म्हणजे ‘चालू’. आणि सगळ्यात शेवटी मास्क, म्हणजे कुठले फ्लॅग बदलायचे आहेत ते. इथे १, म्हणजे फक्त ‘चालू’ला हात लाव, बाकीच्यांना नको.

हा मास्क शून्य ठेवला तर काय होईल? आपल्याला वाटेल, काहीच बदलणार नाही. कर्नल मात्र शून्याचा अर्थ ‘सगळे फ्लॅग बदल’ असा घेतो. जुने प्रोग्रॅम मोडू नयेत म्हणून ही वागणूक जपलेली आहे, आणि कर्नलच्या कोडमध्ये तशी टिपणीही आहे. म्हणजे तुम्ही इंटरफेस चालू करायला गेलात आणि त्याच दमात मल्टिकास्टचा फ्लॅग गुपचूप उतरला, असं होऊ शकतं. आयपीव्ही ६ ला शेजारची मशिनं शोधायला मल्टिकास्ट लागतं. म्हणजे इंटरफेस चालू, आणि आयपीव्ही ६ आंधळं. म्हणून निरोपमध्ये मास्क शून्य असेल तर पाठवण्याआधी तो थांबतो आणि विचारतो.

मोठ्या मेसेजमध्ये यानंतर अ‍ॅट्रिब्यूट येतात. प्रत्येकाला चार बाइटचं छोटं हेडर, लांबी आणि प्रकार, मग माहिती. प्रत्येक अ‍ॅट्रिब्यूट चारच्या पटीत सुरू व्हायला हवं. समजा इंटरफेसचं नाव दोन अक्षरी आहे. शेवटचं शून्य धरून तीन बाइट, वर हेडरचे चार, झाले सात. जागा मात्र आठ बाइटची घ्यायची आणि लांबीत सातच लिहायचं. एका अ‍ॅट्रिब्यूटच्या पोटात दुसरीही बसतात, तिथेही हाच हिशेब.

इथपर्यंतचं काम दोन शनिवार-रविवारचं. सॉकेट उघडा, बाइट भरा, पाठवा. खरं काम पुढे सुरू होतं, कारण पाठवलेल्या निरोपाला उत्तर येतं, आणि ते उत्तर नीट ऐकावं लागतं. मी याचे तीन टप्पे केले: पोच, कारण आणि परिणाम.

पहिला टप्पा पोच. रजिस्टर पोस्टाची पोचपावती आठवा. नेटलिंकमध्ये पोच आणि चूक दोन्ही एकाच प्रकारच्या मेसेजमधून येतात, त्याचं नाव ‘एरर’. आत एक आकडा असतो. शून्य असेल तर काम झालं. उणे १ असेल तर परवानगी नाही, उणे १९ असेल तर असा इंटरफेसच नाही, उणे २२ म्हणजे आपलं लाडकं ‘इनव्हॅलिड अर्ग्युमेंट’. म्हणजे ‘एरर’ आला म्हणून घाबरायचं नाही आणि सॉकेटवर बाइट गेले म्हणून खूश व्हायचं नाही. पाठवणं यशस्वी झालं, याचा अर्थ पत्र पेटीत पडलं, एवढाच धरायचा. म्हणून माझा नियम कडक आहे. कुठलाही बदल करताना, आपल्याच अनुक्रमांकाची आणि शून्य आकड्याची पोच आली तरच निरोप शेलला शून्य परत देतो. रात्री दोनला चालणाऱ्या स्क्रिप्टला माणसासारखा अंदाज घेता येत नाही, तिला फक्त तो आकडा दिसतो.

आणखी एक तपासणी. उत्तर कर्नलकडूनच आलंय ना? पाठवणाऱ्याचा पोर्ट शून्य असेल तरच ते कर्नलचं. मशिनवरचा दुसरा एखादा प्रोग्रॅमही तुमच्या नेटलिंक सॉकेटकडे मेसेज पाठवायचा प्रयत्न करू शकतो. पत्र उघडण्याआधी शिक्का बघायची सवय चांगली.

दुसरा टप्पा कारण. नुसत्या आकड्यावरून फारसं कळत नाही. २०१७ मध्ये, कर्नल ४.१२ पासून, विस्तारित पोच आली. सॉकेटवर एक पर्याय लावून ती मागावी लागते, मागितली नाही तर मिळत नाही. मागितली की आकड्याबरोबर दोन मोलाच्या गोष्टी येऊ शकतात. एक म्हणजे माणसाला वाचता येईल असं वाक्य, आणि दुसरी म्हणजे मेसेजमध्ये चूक कितव्या बाइटवर आहे ते. उदाहरण देतो. राउट घालताना गेटवे असा दिला, की ज्याच्यापर्यंत थेट पोचताच येत नाही. जुनं उत्तर यायचं, ‘नेटवर्क पोचण्याजोगं नाही’. कुठलं नेटवर्क? का? पत्ता नाही. नव्या पोचेत वाक्य असतं, ‘नेक्स्टहॉपचा गेटवे चुकीचा आहे’. इंग्रजीत असतं अर्थात, पण बोट नेमकं जागेवर.

आणि बाइटचा क्रमांक आला तर निरोप त्याचं काय करतो? मेसेज बांधताना तो मनाशी नोंद ठेवतो, की टर्मिनलवर टाइप केलेला कुठला शब्द कुठल्या बाइटपासून सुरू झाला. कर्नलने ३६ वा बाइट म्हटलं की टूल तुम्हाला ३६ दाखवत नाही, तुमच्याच ओळीतल्या त्या शब्दाखाली खूण करून दाखवतं. कर्नलच्या प्रत्येक विभागाने असं सविस्तर उत्तर द्यायला सुरुवात केलेली नाही. जिथे नाही, तिथे निरोप फक्त आकडा आणि पाठवलेले बाइट दाखवतो. स्वतःचे अंदाज जोडत नाही.

तिसरा टप्पा परिणाम, आणि मला वाटतं हाच सगळ्यात महत्त्वाचा. पोच शून्य आली, म्हणजे तुम्हाला हवं ते झालं का? दरवेळी नाही. राउटिंगच्या जुन्या मेसेजमध्ये कर्नलची एक सवय आहे. ओळखीचं नसलेलं अ‍ॅट्रिब्यूट दिसलं तर बऱ्याच ठिकाणी तो ते सोडून देतो आणि बाकीचं करून मोकळा होतो. नंतर कडक तपासणी आली, पण सगळीकडे नाही. म्हणजे तुम्ही पाच गोष्टी मागितल्या, कर्नलला चारच कळल्या, आणि पोच मात्र शून्य. दुसरं उदाहरण, इंटरफेस ‘चालू’ केला, पोच आली, पण केबलच लावलेली नाही. ‘चालू’ ही तुमची इच्छा, सिग्नल असणं ही वस्तुस्थिती, आणि कर्नल या दोन्हींसाठी वेगळे फ्लॅग ठेवतो.

म्हणून निरोप बदल करण्याआधी स्थिती वाचून ठेवतो, पोच आल्यावर पुन्हा वाचतो, आणि दोन्हींतला फरक दाखवतो. मागितलं होतं पण बदललं नाही, ते वेगळं लिहितो. वाचतानाही पथ्यं आहेत. लांब यादी तुकड्यातुकड्यांनी येते, ‘डन’ येईपर्यंत थांबायचं. बफर निदान ३२ किलोबाइटचा ठेवायचा, कारण लहान बफरमध्ये न मावलेला भाग हरवतो. यादी वाचत असतानाच ती बदलली, तर कर्नल तसा फ्लॅग लावून सांगतो. मग अर्धी जुनी, अर्धी नवी यादी खरी मानायची नाही, पुन्हा वाचायची.

आता मित्राच्या त्या विनोदाकडे येऊ. तुम्ही एसएसएचने लांबच्या डब्यावर आहात आणि ज्या इंटरफेसवरून बोलताय तोच बंद करायचा मेसेज पाठवला. कर्नल तो मान्य करतो, काम करतो, शून्याची पोचही देतो. फक्त ती वाचायला तुम्ही उरलेले नसता. आणि इथे अनेक मेसेजचा व्यवहार असा एकत्र बांधता येत नाही. जुना पत्ता काढा आणि नवा घाला, हे दोन वेगळे निरोप. पहिला पास झाला आणि दुसरा नापास, तर पहिला आपोआप मागे येत नाही. त्यामुळे नवा पत्ता आधी घाला, त्याच्यावरून आत येता येतंय का बघा, आणि मगच जुना काढा. हे कुठलंही टूल तुमच्यासाठी ठरवू शकत नाही.

टूल एवढंच करू शकतं की घाई करायची नाही. निरोप नुसता चालवला तर काहीच पाठवत नाही, मेसेज बांधून शब्दाशब्दाने समजावून दाखवतो. पाठवायचं असेल तर वेगळा पर्याय लिहावा लागतो. एक जादाचा शब्द टाइप करायचा कंटाळा, आणि त्या डब्यापर्यंत गाडीने जायचा प्रवास, यांची तुलना ज्याची त्याने करावी.

तुम्हाला हे घरी करून बघायचं असेल तर सुरक्षित जागा आहे. अनशेअर नावाची कमांड आहे, तिला आर आणि एन हे दोन पर्याय एकत्र द्या. तुम्हाला एक वेगळं, रिकामं नेटवर्क मिळतं, आणि त्यापुरते तुम्ही रूट असता. आत फक्त लूपबॅक असतो, तोही बंद. वर दिलेले ३२ बाइट तिथे पाठवून बघा. काही वितरणांत साध्या युजरला ही मुभा बंद केलेली असते, तिथे सुडो लागेल. आणि आयपी कमांड स्वतः काय पाठवते हे बघायचं असेल तर ती एसट्रेसमधून चालवा, तो नेटलिंकचे मेसेज उलगडून दाखवतो. मी अर्धं नेटलिंक असंच शिकलो, दुसऱ्यांची पत्रं वाचून.

कोणी विचारेल, हे सगळं तयार मिळत नाही का? मिळतं की. २०२३ मध्ये, कर्नल ६.३ पासून, कर्नलच्या सोर्समध्येच नेटलिंकचे नमुने यामल फाइलींमध्ये लिहायला सुरुवात झाली, आणि त्या वाचून मेसेज पाठवणारं पायथनचं टूलही तिथेच आहे. तुमच्या मशिनवर पायथन असेल तर आधी तेच वापरा. निरोप आहे तो ज्या डब्यात पायथन मावत नाही त्यांच्यासाठी.

पण टूल कुठलंही घ्या, ते निवडताना एक परीक्षा जरूर घ्या. त्याला मुद्दाम चुकीचं काहीतरी करायला सांगा आणि ते काय बोलतं ते ऐका. बरोबर कामाचं ‘झालं’ सगळीच टूलं सांगतात. चुकीच्या कामाचं खरं उत्तर जे जसंच्या तसं तुमच्यापर्यंत आणतं, त्याच्या भरवशावर लांबच्या मशिनला हात लावावा.

आजच्यापुरतं एवढंच. अनशेअरमध्ये ३२ बाइट पाठवून बघितलेत तर काय उत्तर आलं ते नक्की कळवा. भेटू पुढच्या भागात. नमस्कार.