दारची पाखरे
(साक्षरता वर्गापुढे केलेले भाषण)



दिवसभर शेतात आणि घरात राबून तुम्ही मंडळी संध्याकाळी येथे येता. तेव्हा आम्ही लांबण लावणार नाही. आज धडा नाही, बाराखडी नाही. आज आपण दारच्या पाखरांविषयी बोलू.

मागच्या आठवड्यात आम्ही फळ्यावर 'चिमणी' हा शब्द लिहिला. तुम्ही सर्वांनी तो बिनचूक वाचला. तेव्हा पुढे बसलेल्या एक मावशी म्हणाल्या, "गुरुजी, शब्द वाचला. पण चिमणी हाय कुठं? माझ्या नातवानं अजून घरात चिमणी बघितली न्हाई."

त्यावर मागून एक गडी म्हणाला, "दाणं टाका, म्हंजे येतील. पण दाणं काय फुकट येत्यात व्हय? माणसालाच महागाई, तिथं पाखरांना कुठनं घालायचं?"

दोघांचेही म्हणणे खरे आहे. आठवडाभर ते आमच्या मनात घोळत होते. आज त्याचे उत्तर देतो.

पहिला प्रश्न, चिमणी गेली कुठे? मंडळी, ती रुसून गेली नाही. आपणच तिचे घर मोडले. पूर्वी आपली घरे मातीची होती. वर कौले होती, वळचण होती, भिंतीत कोनाडे होते. वाशाच्या सांदीत चिमणी काडी-काडी नेऊन घरटे करी. आता स्लॅबची घरे आली. स्लॅबला सांद नाही, वळचण नाही. मग तिने राहावे कुठे?

दुसरे, तिचे खाणे गेले. पूर्वी दारात बाया सुपाने धान्य पाखडत. कण्या, चुरा, किडे अंगणात पडत. आता पुष्कळ घरी निवडलेले धान्य पिशवीतून येते. खळेही फारसे उरले नाही. यंत्र येते आणि तासाभरात मळणी उरकते.

तिसरे कारण पुष्कळांना ठाऊक नसते. मोठी चिमणी दाणे खाते, पण तिच्या लहान पिलांना दाणे पचत नाहीत. त्यांना मऊ अळ्या आणि किडे लागतात. जिथे तिथे औषधाची फवारणी झाली की किडे संपतात आणि पिले उपाशी राहतात.

आता आमची स्वतःची एक चूक तुम्हांला सांगतो. सांगताना बरे वाटत नाही. पण मास्तराने दुसऱ्याच्याच चुका सांगाव्या आणि आपल्या झाकाव्या, हे योग्य नव्हे.

सन १९९१ ची गोष्ट. आम्ही तेव्हा एका खेड्यात शाळेवर होतो. शाळा कौलारू. वर्गात चिमण्यांची सात-आठ घरटी होती. काड्या हजेरीपटावर पडत. मुले वर बघत, पाढे विसरत. तशात तपासणीची तारीख आली. साहेब येणार, शाळा स्वच्छ हवी! आम्ही मोठ्या मुलांना बांबू दिला आणि हुकूम केला, "सगळी घरटी खाली पाडा."

मुलांनी घरटी पाडली. त्यांत पिले होती. उघडी, लाल, चोच वासलेली. चौथीतली एक मुलगी धावत आली. तिने पिले फ्रॉकच्या ओच्यात घेतली आणि आमच्यापुढे आणली. ती म्हणाली, "गुरुजी, ही जिवंत हायती." आम्ही म्हणालो, "टाक ती बाहेर. हात धू आणि जागेवर बस."

चिमण्या दिवसभर खिडकीतून आत येत होत्या. चोचीत अळी असायची. वाशापाशी जायच्या आणि फिरून बाहेर पडायच्या. संध्याकाळपर्यंत पिले मेली.

दुसऱ्या दिवशी साहेब आले. चौथीच्या वर्गात त्यांनी सहज विचारले, "मुलांनो, आपल्या घरात राहणारा पक्षी कोणता?" साऱ्या वर्गाला उत्तर येत होते. पण एकही हात वर झाला नाही. ती मुलगी आमच्याकडे बघत होती. साहेबांनी शेरेबुकात लिहिले, 'शाळा स्वच्छ आहे.' तो शेरा वाचून आमची मान खाली गेली. पुढे कैक वर्षे शाळा स्वच्छच राहिली. चिमणी काही परतली नाही.

निवृत्त झाल्यावर आम्ही परसात पाखरांसाठी थोडी सोय केली. केलेले पाप त्याने फिटत नाही. पण जे शिकलो, ते तुम्हांला सांगता येते.

आधी पाणी. दाण्यापेक्षाही पाणी मोठे. चैत्र-वैशाखात ओढे आटतात, तेव्हा पाखरे तहानेने कासावीस होतात. मातीची एक पसरट परळ घ्या. खोल भांडे नको. त्यात पाखरू बुडते. पाणी दोन बोटे पुरे. मध्ये एक खडबडीत दगड ठेवा, म्हणजे लहान पाखराला पाय टेकता येतो. परळ सावलीत ठेवा. जवळ दाट झुडूप असेल, तर मांजर त्यात दबा धरते. तेव्हा झुडपापासून चार पावले दूर आणि जरा उंचावर ठेवा. पाणी रोज बदला, परळ रोज घासा. शिळ्या पाण्यात डास होतात. मग पाखरांची सेवा करता करता घरात डेंग्यू यायचा!

पाणी ठेवल्यावर आमच्याकडे पहिल्याने साळुंक्या आल्या. पंख झाडीत आंघोळ करायच्या आणि निम्मे पाणी सांडायच्या. मग डोक्यावर काळा तुरा आणि बुडाशी लाल ठिपका असलेला बुलबुल आला. कुंपणाखाली सातभाई कलकलाट करू लागले. दयाळ पहाटे शीळ घालू लागला. चिमणी मात्र आली नाही.

आता दाणे. ज्या गड्याने 'कुठनं घालायचं' असे विचारले, त्याने नीट ऐकावे. पाखरांना पोती लागत नाहीत. घरच्या सुपातल्या बाजरीच्या, ज्वारीच्या किंवा तांदळाच्या कण्या मूठभर पुरतात. पपईची साल, पिकून फुटलेला पेरू, केळ्याचा तुकडा, हे बुलबुलाचे आणि कोकिळेचे जेवण. आपण जे उकिरड्यावर टाकतो, तेच उंच फळीवर ठेवावे. यात पैसा कुठे लागला? एवढेच करा की, दाणे रोज एका ठरल्या वेळी टाका आणि तासाभरात संपतील इतकेच टाका. उरले तर रात्री उंदीर येतात. पावसाळ्यात तर थोडेच टाका. तेव्हा रानात खाणे भरपूर असते.

काय देऊ नये, तेही सांगतो. फरसाण, चिवडा, खारे शेंगदाणे, पाव, बिस्किटे देऊ नका. मीठ आणि तेल पाखरांना बाधते. बुरशी आलेले धान्य देऊ नका. आणि पेरणीचे औषध लावलेले बी चुकूनही अंगणात सांडू देऊ नका. ते विष आहे.

कबुतरांना पोत्याने दाणे घालणे हे पुण्य नव्हे. एका जागी शेकडो कबुतरे जमतात. त्यांच्या विष्ठेची धूळ श्वासात जाऊन माणसाची फुप्फुसे बिघडतात. मुंबईत २०२५ साली कबुतरखान्यांवरून केवढा वाद झाला, तो कोर्टापर्यंत गेला. दया हवीच, पण दयेला डोळे हवेत.

तिसरी गोष्ट झाड. दाणे आपण रोज टाकायचे, पण झाड एकदा लावले की ते आपल्यामागेही पाखरांना घालते. दारी जास्वंद लावा. चिमुकला शिंजीर वाकड्या चोचीने तिच्यातला मध पितो. शेवग्याच्या फुलांवरही तो येतो. बांधावर उंबर असेल तर तोडू नका. उंबर पिकला की तांबट, कोकीळ, हरियाल असे सगळे गोळा होतात. हरियाल म्हणजे पिवळ्या पायाचे हिरवे कबुतर. तोच आपल्या महाराष्ट्राचा राज्यपक्षी. कुंपणाला काटेरी तार ओढण्यापेक्षा मेंदी लावा. तिच्यात पाखरांना आडोसा मिळतो. लिंबाच्या मोठ्या पानांना टाके घालून शिंपी पक्षी घरटे शिवतो. सुई नाही, दोरा नाही, पण टाका कसा! आणि अंगणाचा एक कोपरा मातीचाच राहू द्या. चिमणी धुळीत आंघोळ करते. सगळीकडे फरशी बसवली की तिची न्हाणी गेली.

चौथी गोष्ट घरटे. फळकुटाची एक पेटी करा. तिला सव्वा इंचाचे भोक पाडा. भोक मोठे केले तर साळुंकी घुसते. ती पेटी आठ-दहा फूट उंचीवर, ऊन-पाऊस लागणार नाही अशा भिंतीला पक्की बसवा. आणि मग वाट पाहा. आम्ही पेटी लावली, तेव्हा पहिले वर्ष कोरडे गेले. दुसऱ्या वर्षी पेटीत मुंगळे झाले. घरची मंडळी हसली. तिसऱ्या वर्षी फाल्गुनात एक चिमणा आला. भोकातून आत डोकावला आणि उडून गेला. दुसऱ्या दिवशी चिमणीला घेऊन आला. आम्ही हातातला चहा तसाच धरून उभे राहिलो.

पिलू खाली पडलेले दिसले, तर घाबरू नका. त्याला पिसे फुटलेली असतील, तर ते उडायला शिकत असते. मांजरापासून जपून ते उंच फांदीवर ठेवा. आईबाप जवळच असतात. पिसे नसतील, तर अलगद उचलून घरट्यात ठेवा. माणसाचा हात लागला की चिमणी वाटते आणि तिला बाकीच्या टाकतात, अशी समजूत आहे. ती खरी नाही. हे आम्हांला १९९१ साली ठाऊक असते, तर त्या मुलीला वेगळे उत्तर दिले असते. मेलेले पाखरू मात्र उघड्या हाताने उचलू नका.

आता कुणी म्हणेल, पाखरे कणसे खातात, त्यांचा लाड कशाला? त्याला चीन देशाची हकिकत सांगतो. १९५८ साली तेथील सरकारने चार जीव मारायचे ठरवले. उंदीर, माश्या, डास आणि चिमण्या. चिमणी धान्य खाते, हा तिचा गुन्हा. लोकांनी थाळ्या आणि ढोल बडवले. चिमण्यांना कुठे बसूच दिले नाही. दमून त्या आकाशातून खाली पडल्या. असंख्य मेल्या. पुढे काय झाले? पिकांवर कीड आणि टोळ माजले. त्या वर्षांत तेथे भयंकर दुष्काळ पडला. त्याची कारणे पुष्कळ होती, पण त्यांत हेही एक होते. शेवटी १९६० साली त्यांनी यादीतून चिमणीचे नाव काढले आणि तेथे ढेकणाचे नाव घातले. चिमणी चार दाणे खाते, ती राखणीची मजुरी समजा. रात्री पिंगळा उंदीर टिपतो, भारद्वाज गोगलगायी खातो. हे आपले बिनपगारी गडी आहेत.

आणि जो मारतो, तो कधी बदलतच नाही असे थोडेच आहे? मुंबईत १८९६ साली जन्मलेल्या एका मुलाने लहानपणी छऱ्याच्या बंदुकीने एक चिमणी पाडली. तिच्या गळ्यावर पिवळा ठिपका होता. ही कोणती चिमणी, असे त्याला कुतूहल वाटले. मामांनी त्याला पक्ष्यांच्या जाणकारांकडे पाठवले. त्याने विचारले, पाहिले आणि जन्मभर पाखरांचा अभ्यास केला. तेच डॉ. सालिम अली. १९८७ साली ते वारले. त्यांची जयंती १२ नोव्हेंबरला असते. आपले मारुती चितमपल्ली यांचा जन्मदिवस ५ नोव्हेंबर. या दोन तारखांमधला आठवडा महाराष्ट्रात २०२० पासून पक्षी सप्ताह म्हणून पाळतात.

आणखी एक सांगतो. पाखरू दारी बोलवायचे, पिंजऱ्यात नाही. रानचा पोपट पकडून पाळणे हा १९७२ च्या वन्यजीव कायद्याने गुन्हा आहे. संक्रांतीला नायलॉनचा मांजाही आणू नका. त्याने पाखरांचे पंख कापतात, माणसांचे गळेही कापतात.

मंडळी, आपली रीत काही वेगळी नव्हती. बाळाला भरवताना आई एक घास चिऊचा आणि एक काऊचा म्हणे. पितरांचे पान कावळ्यासाठी ठेवत. सुगीनंतर ज्वारीच्या कणसांची पेंढी ओसरीच्या तुळईला टांगत. आपले वाडवडील लिहायला शिकले नव्हते, पण पाखरांचा वाटा विसरत नव्हते. आपण लिहायला शिकलो आणि तो वाटा विसरलो, असे होऊ नये.

आता पुढच्या शनिवारचा अभ्यास. उद्या सकाळी दारात पाण्याची परळ ठेवा. आठवडाभर तिच्यावर कोण येते ते बघा. जे येईल त्याचे नाव पाटीवर लिहून आणा. नाव ठाऊक नसेल, तर रंग लिहा, शेपटी कशी ते लिहा. आपण मिळून नाव शोधू.

मावशी, तुमच्या नातवालाही घेऊन या. आमच्या पेटीत सध्या पिले आहेत. लांबून, आवाज न करता, त्याला दाखवू. मग तुम्ही फळ्यावर 'चिमणी' लिहा, आणि त्याला वाचू द्या.